मुक्काम बामणोलीला, वासोटा दिवसा
डिसेंबरात वासोटा किल्ल्यावरच तंबू ठोकायचा बेत तुम्ही मांडलाय, तो मात्र बदला. किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे मुक्कामाला बंदी आहे, संध्याकाळच्या आत बोटीने परतावंच लागतं. त्यापेक्षा बामणोली गावाला, शिवसागराच्या म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी राहा; वासोट्याची बोट तिथूनच सुटते. सकाळी लवकर वनखात्याची परवानगी काढा, ओळखपत्र जवळ असू द्या. सगळ्यांत मिळून बोट ठरवली की स्वस्त पडते. बरोबरचं प्लास्टिक तपासतात, आणि तपासायलाच हवं. काठावर रात्री थंडी चांगलीच झोंबते, पहाटे तंबूचं कापड दवाने निथळत असतं. म्हणून पाण्यापासून जरा वरची सपाट जागा बघा. जळणासाठी झाडं तोडू नका, छोटा गॅस न्या. कासमार्गे येणार असाल तर पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या.