टेस्लाची कॉइल: साध्या एल-सी सूत्राची मर्यादा

प्रश्न असा: टेस्ला कॉइल, म्हणजे खूप उच्च व्होल्टेज तयार करणारी तारेची गुंडाळी, घेतली आणि तिचं इंडक्टन्स (चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता, एल) आणि कपॅसिटन्स (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता, सी) मोजून एल-सी सूत्रात, म्हणजे या दोन्हींवरून कॉइलची नैसर्गिक वारंवारता काढणाऱ्या सूत्रात, घातलं तर काय बिघडतं? बिघडतं असं की, त्या सूत्रात सगळ्या वेढ्यांतून एका क्षणी सारखाच प्रवाह वाहतो असं गृहीत धरलेलं असतं. संशोधक निकोला टेस्लाने 1899 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला वापरलेल्या ‘एक्स्ट्रा कॉइल’सारख्या उंच कॉइलमध्ये तसं होत नाही. तळाशी प्रवाह जास्तीत जास्त, वर जाताना तो घटतो. व्होल्टेजचं नेमकं उलट. म्हणजे ही पाव तरंगलांबीची ट्रान्समिशन लाइनच, म्हणजे जिच्यात व्होल्टेज आणि प्रवाह तरंगासारखे जागेनुसार बदलतात अशी तार! वेढ्यांमुळे अक्षाच्या दिशेने तरंगाचा वेग प्रकाशापेक्षा खूपच कमी होतो, म्हणून एवढ्याशा उंचीत पाव तरंग मावतो. ऑलिव्हर हेविसाइड या शास्त्रज्ञाची टेलिग्राफ समीकरणं, म्हणजे लांब तारेत व्होल्टेज आणि प्रवाह जागेनुसार व वेळेनुसार कसे बदलतात ते सांगणारी समीकरणं, इथे लावून बघाच, वरच्या टोकाचं व्होल्टेज कुठून येतं ते लख्ख दिसतं.