प्रतिसाद: खोली भाड्याने देताना येणारे फोन

गोव्यातल्या ताळगावच्या खोलीची जाहिरात टाकल्यावर ‘मी लष्करात आहे, बांबोळीला बदली झालीय’ म्हणणाऱ्याने खोली न बघताच आगाऊ भाडं देऊ केलं, असं एका ताईंनी वर लिहिलंय. ताई, ही फसवणूकच आहे. आता तो क्यूआर कोड पाठवेल आणि ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणेल. त्या वेळी स्क्रीन नीट बघा: तिथे ‘पे’ असतं आणि रक्कम तुमच्याच खात्यातून वजा होते. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गणवेशातला फोटो, ओळखपत्र पाठवलं तरी भुलू नका, ते बहुतेक दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. जागा न बघता कोण हो भाडं भरतं?

अशीच दुसरी फसवणूक: वीजबिल थकल्याचं सांगून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, तर उघडूच नका.

आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. वयस्क माणसं नेमकं हेच करतात, फार वाईट वाटतं. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रक्कम पुढे काढली जाण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा.