वडगावला घर बांधायचंय, सुट्टी कधी घेऊ?

विषय: वडगावला घर बांधायचंय, सुट्टी कधी घेऊ?

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

बेळगावात येळ्ळूर रोडला, वडगावच्या पुढे तीस-चाळीसचा एक प्लॉट बघून ठेवलाय. आई-बाबा सध्या शहापूरला भाड्यानं राहतात, बाबांनी सत्तरी ओलांडली. त्यांना स्वतःच्या घरात बघायचं आहे. येत्या अक्षयतृतीयेला पाया खणावा असं आईच्या मनात आहे, आणि मेस्त्री म्हणतात दहा महिन्यांत किल्ली हातात देतो. मला मस्कतहून वर्षाला तीन आठवडेच जाता येतं. ज्यांनी तिकडे बांधलंय त्यांनी कृपा करून सांगावं: ते तीन आठवडे कधी घेऊ, आणि स्वतः उभं राहून काय बघू?

वडगावकर

---

विषय: उत्तर: वडगावला घर बांधायचंय, सुट्टी कधी घेऊ?

भाऊ,

आईंना मी स्वतः फोन करून समजावतो, पण अक्षयतृतीयेला पाया खणू नका. मुहूर्ताला कुदळ मारा, नारळ फोडा, खणायचं ते दिवाळीनंतर. आम्ही अनगोळला नेमकं हेच केलं होतं. मे महिन्यात कॉलमचे खड्डे खणले. वळवाचे दोन पाऊस झाले, मग मृग लागला आणि खड्ड्यांची तळी झाली. पंप लावून पाणी उपसलं तर आधी दगडासारखी वाटणारी तळाची काळी माती लोण्यासारखी झालेली. इंजिनिअर म्हणाले, यावर काँक्रीट घालायचं नाही. तो थर खरवडून काढला आणि मुरूम लागेपर्यंत पुन्हा खाली गेलो. खड्ड्यांचे पैसे दोनदा मोजले आणि पाऊसकाळ तर वाया गेलाच.

तुझा प्लॉट ज्या पट्ट्यात आहे तो शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचा भाताचा पट्टा. काळी माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, आणि हे दरवर्षी होतं. उथळ पायावरची भिंत मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी तडकते. म्हणून पाया किती फूट हे मेस्त्रींना ठरवू देऊ नको. एका कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घे, मुरूम किती खाली लागतो ते इंजिनिअरला बघू दे. फार खोल असेल तर ते पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, सुचवतील, त्या खर्चाला नाही म्हणू नको. आणि खड्ड्यातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नको. गाडीभाडं वाचतं म्हणून सर्रास भरतात, आणि दोन-तीन वर्षांत फरशी हलायला लागते. जोत्यात मुरूमच हवा, तोही थराथरानं पाणी मारून धुमसलेला.

कागदांचं थोडक्यात. प्लॉट बिनशेती झालाय का ते आधी बघ. तुझ्यामाझ्यासारख्या अनिवासींना शेतजमीन विकत घेताच येत नाही, वारशानं आली तर गोष्ट वेगळी. जागा पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म 9 आणि 11ए माग. 11बी, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या जागेचा उतारा, पुढे केला तर तिथेच थांब. महापालिकेत असेल तर ई-खाता, म्हणजे तिथल्या नोंदीचा ऑनलाइन उतारा. ईसी, म्हणजे जागेवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, निदान तीस वर्षांची काढ. नुसत्या बॉण्डपेपरवरचा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी नको. सगळे कागद कन्नडमध्ये असतात आणि आपल्या वडीलधाऱ्यांना ते वाचता येत नाहीत, त्यामुळे समोरचा सांगेल ते खरं धरलं जातं. विकणाऱ्याचा वकील सोडून दुसऱ्या कुणाकडून ओळ न् ओळ मराठीत वाचून घे. बाबांना मुखत्यारपत्र देशील ते फक्त बांधकामापुरतं आणि परवानग्यांपुरतं दे. इथल्या वकिलातीत सही कर, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला तिकडची स्टॅम्प ड्युटी भरून घे.

आता तुझा खरा प्रश्न. तीन आठवड्यांचे तुकडे कर. जे नंतर झाकलं जाणार आहे, ते झाकण्याच्या आदल्या दिवशी तू तिथे हवास. एक आठवडा फुटिंगला, म्हणजे कॉलमच्या पायाच्या काँक्रीटला, एक स्लॅबला, एक भिंतीतले पाइप बुजवण्याआधी. रंग, टाइल्स, ग्रिल हे सगळं फोनवर बघता येतं आणि नंतर बदलताही येतं.

स्लॅबचं मुद्दाम सविस्तर लिहितो. आदल्या संध्याकाळी मी सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, चढलो. लोखंड छान बांधलेलं, सगळे खूश. मी सळईखाली बोट घालून बघितलं, तर बोट जाईना. सळई थेट प्लायवर टेकली होती. अशा स्लॅबच्या पोटाला काँक्रीटचं आवरणच राहत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत सळई गंजते, गंजली की फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडतात. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबला निदान 20 मिलिमीटर आवरण लागतं, कॉलमला 40. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कुठे आहेत विचारलं, तर मेस्त्री म्हणाले, खडी सरकवतो की खाली. खडी व्हायब्रेटर लावल्यावर जागेवर राहत नाही. मी स्लॅब पुढे ढकलला. मेस्त्री रुसले, मिक्सरवाला दुसऱ्या साइटवर निघून गेला. बायको आणि बाबांनी घमेल्यात सिमेंट-वाळू कालवली, पत्र्यावर 20 मिलिमीटर जाड थापली, वडीसारखे चौकोन पाडले आणि ओलं असतानाच प्रत्येकात बांधायच्या तारेचा तुकडा खोचला. ते ब्लॉक आठवडाभर पाण्यात ठेवून मग प्रत्येक सळईखाली बांधले. तयार ब्लॉक दुकानात मिळतात, तू आधीच आणून ठेव.

दुसरी गोष्ट पाण्याची. आभाळ भरून आलं की सगळ्यांनाच घाई होते. ‘पाऊस येऊलाय, लवकर आटपूया की’ म्हणत गडी मिक्सरमध्ये बादल्या ओततात, कारण पातळ माल पटकन पसरतो. पण जास्तीचं पाणी उडून गेलं की तिथे बारीक छिद्रं राहतात आणि स्लॅब त्यातूनच गळतो. पोत्यामागे पंचवीस-सत्तावीस लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मी बादलीला आतून रंगाची खूण केली आणि मिक्सरजवळून हललो नाही.

नंतर स्लॅबवर आळी करून पाणी धरायचं. सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलं असेल तर दहा दिवस हे अगदी कमीत कमी, चौदा धर. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी असतं आणि टँकर वेळेवर येत नाही, म्हणून स्लॅब फेब्रुवारीच्या आत उरकावा. बीमखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नको, सेंट्रिंगवाला कितीही तगादा लावो.

पैसे टप्प्याटप्प्यानं दे, आणि शेवटची दहा टक्के रक्कम एक पावसाळा गेल्यावर द्यायची हे करारात लिहूनच घे.

अनगोळकर काका

---

विषय: उत्तर: उत्तर: वडगावला घर बांधायचंय

नमस्कार,

काकांशी बहुतेक सगळ्यात सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. वीटकोबा, म्हणजे गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा थर, करून सपाट गच्ची ठेवली की झालं, हे मला पटत नाही. (त्यांनी इथे लिहिलं नाही, पण मागच्या गणपतीत त्यांचा हाच आग्रह होता.) बेळगावात फिरून बघा, दहा-पंधरा वर्षं झालेल्या घरांच्या गच्चीवर पत्र्याचं शेड दिसतंच. शेवटी घालायचंच आहे तर आधीच नकाशात घ्या. कॉलमच्या सळया आणि अँकर सोडून ठेवा, पन्हळ आणि पाण्याचे पाइप कुठून उतरणार ते ठरवा. पत्रा भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट यायला हवा.

आमचं माहेर खानापूरकडचं, मातीच्या भिंतींचं. 2019 च्या ऑगस्टात मागची भिंत बसली. छप्पर शाबूत होतं. पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीचा तळ कित्येक वर्षं भिजत होता आणि त्या पावसात तो सुटला. आजी रात्री पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी कुणाचंही घर बघायला गेले की आधी भिंतीचा पाय बघते. नवीन घर आम्ही चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, बांधलं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून एक हंगाम आधी आणून रचून ठेवला होता. जोतं रस्त्यापासून तीन फूट उचललं.

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूची भिंत चार इंची ठेवू नका, नऊ इंचीच हवी. प्रत्येक खिडकीवर छज्जा, आणि छज्जाच्या खालच्या कडेला खाच पाडून घ्या, म्हणजे पाणी आत न सरकता तिथेच ठिबकतं. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये टाइल्स बसवण्याआधी दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून हात लावून बघा.

आणि भाऊ, बाबांना साइटवर दिवसभर उभं करू नका. मेस्त्रींकडून नाही, तुमच्याकडून पैसे घेणारा इंजिनिअर नेमा, त्यानं आठवड्याला दोनदा जावं. बाबांकडे फक्त पाणी मारण्याचं काम द्या. तेवढं ते आनंदानं करतील. घर त्यांच्यासाठी आहे ना? मग त्यांची खोली आणि संडास तळमजल्यावर, दार व्हीलचेअर जाईल इतकं रुंद, बाथरूमला उंबरा नको, आणि कमोडशेजारच्या भिंतीत धरायच्या दांड्यासाठी जागा आत्ताच भरीव ठेवा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी टाइल्स फोडून दांडा बसवावा लागला, आणि तोही ते पडल्यावर.

खानापूरची वहिनी

---

विषय: उत्तर: वडगावला घर बांधायचंय

काका, वहिनी,

दोघांच्या मेल आईला फोनवर वाचून दाखवल्या. ती म्हणाली, मग दिवाळीनंतरच. अजून व्यवहार झालेला नाही, फक्त बोलणं झालंय. विकणारे म्हणतात या महिन्यात विसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. देऊ का?

वडगावकर

---

विषय: उत्तर: वडगावला घर बांधायचंय

देऊ नको. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसात त्या शेतांत पसरतं, आणि उन्हाळ्यात बघितलेल्या प्लॉटवर त्याची खूणही दिसत नाही. जुलैअखेरीस, म्हाताऱ्या पावसात, चार दिवस जाऊन ये. गमबूट घालून प्लॉटवर जा, शेजारच्या शेतकऱ्याला भेट, आणि त्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते टेपनं मोजून मला कळव. मग विसाराचं बोलू.

काका