अमीबाचा खरा गुन्हेगार सिस्टीन प्रोटीएज की उगाच बदनाम?

चिवडा_पार्टी: स्टूल रिपोर्टवर 'सिस्ट (अमीबाचं कवचातलं रूप) दिसल्या' एवढं वाचलं की लोक लगेच अमीबावरचं औषध मेट्रोनिडाझोल गिळतात, त्यावरून धागा. आव पाडणारा एन्टामीबा हिस्टोलिटिका आणि गपगुमान राहणारा डिस्पार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात, १९९३ ला डायमंड आणि क्लार्कने ते वेगळे मांडले. माझ्या मते खरा फरक सिस्टीन प्रोटीएजचा, म्हणजे प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा. हिस्टोलिटिकाचं सीपी५ (त्यातलंच एक) अमीबाच्या बाहेरच्या अंगावर बसतं आणि मोठ्या आतड्यातल्या म्यूकसचं एमयूसी२ प्रोटीन तोडतं, जाळंच विरतं, मग आतल्या पेशी उघड्या. डिस्पारकडे याचा चालू जीनच नाही. औषध शोधायचं तर इथेच शोधा.

आडनाव_नको: सगळं खापर एकाच एन्झाइमवर का फोडताय? कापायच्या आधी चिकटावं लागतं, ते काम लेक्टिनचं (अमीबाच्या अंगावरचं चिकटणारं प्रोटीन), आणि २०१४ मध्ये तर दिसलं की अमीबा जिवंत पेशीचे लचके तोडतो आणि पेशी त्यानेच मरते. डिस्पारकडेही इतर सिस्टीन प्रोटीएज आहेतच की, म्हणून तो काय आव पाडतो?

चिवडा_पार्टी: इतर असतील हो, सीपी५ नाही ना! अँटिसेन्सने (जीनचं काम दाबायची युक्ती) सीपी५ कमी केलेला अमीबा हॅमस्टरच्या लिव्हरमध्ये सोडला तर गळू जवळजवळ झालंच नाही. यावर बोला.

आडनाव_नको: बोलतो. तसल्याच अमीबांना लॅबमध्ये प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर सोडलं तर त्यांनी पेशी आरामात मारल्या, फक्त गिळणं कमी झालं, हे १९९८ चं काम आहे. म्हणजे मारायला सीपी५ लागत नाही, आत घुसून पसरायला लागतं. हे तुम्ही सोयीस्कर गाळता.

चिवडा_पार्टी: अहो पण माणूस आजारी पडतो तो घुसण्यानेच! प्लेटला कधी आव झालीये का?

कच्ची_पपई: मटण शिजायला कच्ची पपई लावतो ना, त्यातलं पपेन आणि अमीबाची ही एन्झाइम्स एकाच घराण्यातली, आणि आपल्या पेशींच्या लायसोसोममधले (पेशीतली पचनाची पिशवी) कॅथेप्सिनही त्याच घराण्यातले. अमीबाचं अडवायला गेलात आणि आपलंही अडलं तर? तेव्हा औषधाचं एवढं सोपं समजू नका.

रात्रपाळी_लॅब: औषधाचं राहू द्या. सिस्टवरून दोघं ओळखताच येत नाहीत, अमीबाच्या पोटात रक्तातल्या लाल पेशी दिसल्या तर संशय पक्का होतो, नाहीतर अँटिजेन टेस्ट किंवा पीसीआर. त्रास काहीच नाही आणि जात ठरलेली नाही तर उपचार नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ लाच सांगितलंय. आणि खरंच हिस्टोलिटिका निघाला तर नुसत्या मेट्रोने भागत नाही, आतड्यातल्या सिस्टसाठी नंतर पॅरोमोमायसिन किंवा डायलोक्सानाइड लागतं, हे किती जण पूर्ण करतात बघा.

आडनाव_नको: @चिवडा_पार्टी, हे वाचा. तुमच्या सीपी५ आधी हे.