इग्बो लग्नातला मध्यस्थ ठेवावा की मोडीत काढावा?

वेताळटेकडी
आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांत मुलाकडचे पहिल्यांदा मुलीच्या दारात जातात तेव्हा बरोबर एक मध्यस्थ असतो. त्याला 'ओन्ये आकाएबे' म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही घरांना ओळखणारा माणूस. कोला बी (पाहुण्यांच्या स्वागताला फोडून वाटायची कडवट बी) फोडली जाते, ताडी फिरते आणि दोन्हीकडून चौकशी सुरू होते. घराण्यात वेड, कुष्ठरोग, चोरी, खून काही आहे का? दोघं एकाच भावकीतले (त्यांच्या भाषेत 'उमुन्ना') तर नाहीत ना? तिथे भावकीत लग्न चालत नाही.

मग देण्याघेण्याची बोलणी. पैसा मुलाकडून मुलीकडे जातो, म्हणजे हुंड्याच्या उलट. जुन्या पद्धतीत आकडा तोंडातून काढायचाच नाही. मुलीकडचे काड्यांची एक जुडी पुढे करायचे, मुलाकडचे बाहेर जाऊन काही काड्या कमी करून ती परत द्यायचे, ते पुन्हा वाढवायचे. कुणी कुणाला 'परवडत नाही' म्हटलं नाही आणि सौदा झाला!

माझं मत: हा माणूस राहावा. आपल्याकडचा मध्यस्थ याद्या झाल्या की टोपी-उपरणं घेऊन मोकळा. तिथे नवरा-बायकोचं बिनसलं की पहिलं बोलावणं यालाच. रिवाजाने लागलेलं लग्न वधूमूल्य परत केल्यावरच सुटतं. किती दिलं होतं हे भांडणाच्या वेळी कोण सांगणार? यानेच समोर बसून मोजलेलं असतं.

कडूकारलं
छान रंगवलंत. पण चौकशीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सोयीस्कर गाळलात: 'हे घर ओसू तर नाही?' ओसू म्हणजे देवतेला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्याशी सोयरीक करायची नाही, हा जुना नियम. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने 1956 साली कायदा करून ही प्रथा रद्द केली. आजही शिकलेल्या, चर्चला जाणाऱ्या घरांत ठरत आलेली लग्नं यावर मोडतात. ही बातमी गावातून कोण काढून आणतं? तुमचा हाच भला माणूस.

वेताळटेकडी
म्हणजे विटाळ पाळणारे थोरले राहिले बाजूला आणि निरोप आणणारा गुन्हेगार? तो नसता तर मामाने विचारलं असतं, चुलत्याने विचारलं असतं.

कडूकारलं
मामाला विचारायला लाज वाटली असती कदाचित. मध्यस्थामुळे कुणालाच लाजावं लागत नाही.

मुक्काम पोस्ट लागोस
नोकरीमुळे काही वर्षं लागोसला होतो, म्हणून लिहितो. इग्बो माणूस धंद्यासाठी लागोस, कानो, कुठेही असो, लग्न गावाला, आणि शक्यतो नाताळच्या सुट्टीत. एका सहकाऱ्याच्या लग्नाच्या बोलणीला इमो राज्यात गेलो होतो. मुलीकडच्यांनी वहीच्या कागदांवर यादी दिली: याम (सुरणासारखा कंद), सुकवलेला मासा, ताडी, बिअरचे क्रेट, बायकांची कापडं, बकरी. भावकीची वेगळी, माहेरवाशिणींची वेगळी. मध्यस्थ म्हातारे होते. त्यांनी चष्मा लावला, यादी मोठ्याने वाचली आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून मुलीच्या काकांकडे नुसतं बघितलं. काका दुसरीकडे बघायला लागले की पेनाने काट! पोरगा स्वतः बोलला असता तर सोयरीक तिथेच फिसकटली असती.

गंमत म्हणजे त्याच 1956 साली त्याच पूर्व भागात वधूमूल्यावर 30 पौंडांची कमाल मर्यादा घालणाराही कायदा झाला होता. तोही कुणी जुमानला नाही. आमच्या ऑफिसात तर इमो राज्यातल्याच एम्बाइसे भागातली मुलगी करायची म्हटलं की लोक आधी यादीवरून चेष्टा करायचे.

शेवंता
काका काय, म्हातारे काय, पेन काय. मुलगी कुठे आहे यात?

न्यायाने सांगायचं तर तिला विचारतात. मोठ्या समारंभात ती ताडीचा पेला घेऊन गर्दीतून नवऱ्याला शोधते, स्वतः घोट घेऊन त्याला देते, मगच लग्न मानतात. दिसायला सुंदर. पण तोवर याद्या पुऱ्या झाल्यात, मांडवात अख्खं गाव बसलंय. पेला कुणाला न देता परत फिरायची कोणाची छाती आहे?

वेताळटेकडी, तुमचा साक्षीदाराचा मुद्दा मला उलटाच दिसतो. बाईला सुटायचं असेल तर तिच्या माहेराने पैसे परत करायचे. आणि किती ते चोख सांगायला एक माणूस तयार! तो तिच्या बाजूचा की नवऱ्याच्या?

वेताळटेकडी
हा मुद्दा वजनदार आहे. पण साक्षीदारच नसेल तर नवऱ्याकडचे दुप्पट आकडा सांगतील आणि माहेरचे हात वर करतील. अडकणार तीच.

रक्तगट ओ
चौकशी बदलतेय तिकडे लक्ष द्या. नायजेरियात सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण फार मोठं. आता बरीच चर्च लग्नाआधी जीनोटाइपचा रिपोर्ट मागतात. दोघंही 'एएस' (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचे वाहक) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आपल्या नंदुरबार-गडचिरोलीत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वेडाची आणि कुष्ठरोगाची चौकशी गेली तरी चालेल, ही हवी.

कडूकारलं
मग झालं की! रिपोर्ट लॅब देते. म्हातारे कशाला?

मुक्काम पोस्ट लागोस
रिपोर्ट लॅब देते, पण दोघं 'एएस' आहेत म्हणून ठरलेली सोयरीक मोडायची हे त्या घरात जाऊन कोण सांगणार? मुलाचा बाप गेला तर जन्माचं वैर. मध्यस्थ जातो, बसतो, कोला फोडतो, सांगतो. पुढे दोन्ही घरं एकमेकांच्या मयताला तरी जातात.

कडूकारलं
ओसूचा नकारही असाच जाऊन, बसून, कोला फोडून सांगतात. मुलाला खरं कारण कधीकधी कळतही नाही. तुम्हाला ज्या सफाईचं कौतुक आहे, माझं भांडण नेमकं तिच्याशीच आहे.