चक्रीवादळानंतरची मदत: दुर्बल वृद्धांनी अर्ज करावा, की सरकारने त्यांच्या दारी जावे?

धागाकर्ता:
अमेरिकेत चक्रीवादळानंतर फेमा या केंद्रीय आपत्ती-संस्थेची मदत हवी असेल, तर साधारणपणे ६० दिवसांत अर्ज, वास्तव्याचा किंवा मालकीचा पुरावा, विमा कंपनीच्या निर्णयाची प्रत आणि नकार आल्यास अपील, हे सारे अर्जदारानेच करायचे असते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरण जडलेल्या माणसाला हे कसे जमावे? २०१७ च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावर वर्षानुवर्षे त्याच घरात राहणाऱ्या अनेकांचे अर्ज घर नावावर नसल्यामुळे फेटाळले गेले, आणि मालकीची स्वयंघोषणा शेवटचा पर्याय म्हणून देशभर स्वीकारली जायला २०२१ साल उजाडले. अशा परिस्थितीत घरोघरी जाऊन नोंदणी करण्याची पद्धत थांबवण्याचा फेमाचा २०२५ मधील निर्णय मला सर्वस्वी चुकीचा वाटतो.

प्रतिसाद १ (असहमत):
तुम्ही कागदपत्रांवर भर देता, पण माणसे त्याआधीच दगावतात. २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियाना राज्यातील मृतांपैकी जवळपास निम्मे पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील एका शुश्रूषागृहाची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि रुग्णालय अगदी शेजारी असूनही १२ रहिवाशांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने अशा संस्थांना जनरेटर सक्तीचे केले. पैसा खर्चायचा तो अशा पूर्वतयारीवर. शिवाय सरकारी कर्मचारी असल्याची बतावणी करून घरात शिरणाऱ्या भामट्यांना एकटे वृद्धच आयते सापडतात, हे दारोदार फिरण्याची मागणी करणाऱ्यांनी विसरू नये.

धागाकर्ता:
जनरेटरची सक्ती संस्थांना झाली, परंतु बहुसंख्य वृद्ध स्वतःच्या घरी राहतात. मारियामुळे झालेल्या अतिरिक्त मृत्यूंचा २,९७५ हा अंदाज सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळाचा आहे, म्हणजे वारा थांबल्यानंतरचे महिनेही त्यात येतात. तेव्हा वादळानंतरच्या मदतीला निव्वळ कागदी बाब म्हणता येणार नाही. भामट्यांची भीती रास्त आहे, पण घरपोच जेवण देणारी किंवा शुश्रूषेला येणारी ओळखीची व्यक्ती सोबत असली, तर ती बरीच कमी होईल.

प्रतिसाद २:
२०२४ च्या सुधारणांचा उल्लेख राहिला. तातडीच्या गरजांसाठी (तेव्हा) ७५० डॉलर, सोपे अपील, आणि काही प्रकारच्या मदतीसाठी आधी सरकारी कर्जाचा अर्ज करण्याची (वृद्धांच्या बाबतीत तर हास्यास्पदच!) अट रद्द, हे बदल लहान नाहीत. मात्र ही मदत उत्पन्नात धरली जात नाही, हे ठाऊक नसल्यामुळे मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठीची सरकारी आरोग्य योजना बंद होईल या धास्तीने कोणी अर्जच टाळला, तर सुधारणेचा त्याला काय उपयोग? घरी प्राणवायूचे यंत्र वापरणारे मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) किती लाभार्थी कोणत्या भागात आहेत, हे आरोग्य विभागाच्या ‘एम्पॉवर’ उपक्रमातून कळते. निदान त्या भागांत आधी माणसे पाठवा.

प्रतिसाद १:
संख्या कळणे वेगळे आणि नावे-पत्ते हाती येणे वेगळे. आजाऱ्यांची यादी मदतकर्त्यांच्या हाती द्यायची असेल, तर संमती वादळाच्या आधीच, शांतपणे घ्यावी लागेल, आणि ते काम केंद्रापेक्षा काउंटीला (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाला) अधिक चांगले जमेल, या मतावर मी ठाम आहे.