नववी-दहावीच्या विज्ञानासाठी सेन्सर आणि सॉफ्टवेअर : काय घ्यावं? (नाशिक)

गोदाकाठ :
नमस्कार. मी पंचवटीत एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. अटल लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आमच्याकडे नाही. दोन जुने लॅपटॉप आहेत, एक प्रोजेक्टर आहे आणि वर्गात ५८ मुलं. एका माजी विद्यार्थ्याने प्रयोगशाळेसाठी थोडी रक्कम दिली आहे. सेन्सरने मोजायचं आणि आलेख मुलांसमोर पडद्यावर उमटताना दाखवायचा, असं मनात आहे.

विक्रेत्याने दाखवलेला संच छान होता. पण सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नवा करायचा आणि सेन्सर बिघडला तर त्याच कंपनीचा घ्यायचा. एवढे पैसे पुढच्या वर्षी कुठून आणू? मुख्य म्हणजे दहावीचं होपचं उपकरण, म्हणजे पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं हे दाखवणारं, मला खरंच करून दाखवायचं आहे. इतकी वर्षं तो आलेख मी फळ्यावर काढते आणि मुलं पाठ करतात.

अंबडकर :
मॅडम, खरेदीआधी खिशातला फोन वापरून बघा. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं. फोनमधले त्वरणमापक, माइक, चुंबकीय सेन्सर सगळे वापरता येतात. त्यात 'रिमोट ॲक्सेस' सुरू केला की फोनवरचा आलेख लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये दिसतो. इंटरनेट लागत नाही, दोन्ही एकाच हॉटस्पॉटवर असले की झालं.

नववीच्या ध्वनीसाठी त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच घ्या. दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनजवळ टाळी वाजवली की दोन्ही घड्याळं सुरू होतात, दुसऱ्याजवळ वाजवली की दोन्ही थांबतात. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. भागाकार मुलांनाच करू द्या. मात्र मैदानात नको, गोंगाटाने घड्याळ मध्येच सुरू होतं. सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात करा.

सोल्डरगन :
होपसाठी फोन उपयोगाचा नाही. आर्डुइनो उनो (लॅपटॉपला जोडून प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड) आणि स्टीलच्या नळीतले तापमानाचे दोन डीएस१८बी२० सेन्सर घ्या. हे कुठल्या एका कंपनीला बांधलेलं नाही, एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. दोन्ही सेन्सर एकाच पिनवर चालतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. डेटाची वायर आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोध जोडायला विसरू नका. पडद्यावर -१२७ दिसलं तर सेन्सर सापडत नाहीये, आधी जोडणी तपासा.

आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला सिरीयल प्लॉटर आलेख दाखवतो पण साठवत नाही. म्हणून आकडे त्यातल्याच सिरीयल मॉनिटरमधून उचलून लिबरऑफिस कॅल्क या फुकट स्प्रेडशीटमध्ये टाका. दहा सेकंदांना एक नोंद पुरे.

प्रयोगवही :
मी बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून एक आग्रह धरते. यंत्र सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाने आलेख कसा येईल ते वहीत पेन्सिलने काढायचं. संशोधक हेदर ब्रॅसेल यांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की हालचाल चालू असतानाच तिचा आलेख दिसला तर मुलांना तो चांगला समजतो, आणि थोड्या सेकंदांचा उशीर झाला तरी तो फायदा बराचसा जातो. नोंदी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी छापील आलेख दाखवला तर सेन्सर आणून काय मिळवलं?

आणि सगळंच सेन्सरने मोजू नका. टाळीसारखं क्षणात संपणारं किंवा होपसारखं तासभर रेंगाळणारं जे आहे, तिथे तो हवा. गार होणारा चहा मुलांनी साध्या तापमापीनेच मोजावा. पारा वाचता आला पाहिजे.

द्राक्षबाग_निफाड :
मी पालक आहे, शिक्षक नाही. आमच्या बागेत हवामान केंद्र आहे. तापमान, आर्द्रता, पानांचा ओलावा मोजतं आणि त्यावरून डावणी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी ठरते. मुलगा ते आकडे रोज बघतो, पण शाळेतली आर्द्रता आणि ही आर्द्रता एकच आहे हे त्याला माझ्याकडून कळलं. कुणा पालकाच्या बागेत असं केंद्र असेल तर आठवड्याच्या नोंदी मागून घ्या. आम्ही आनंदाने देऊ.

गोदाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. आर्डुइनो आणि दोन सेन्सर आणले. पण एकाच पेल्यातल्या पाण्यात एक २६.४ दाखवतो आणि दुसरा २६.९. मुलांसमोर काय सांगू?

सोल्डरगन :
त्या सेन्सरची अचूकताच ±०.५ अंश आहे, म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. वितळत्या बर्फात दोन्ही एकत्र बुडवा, शून्यापासून कोण किती दूर आहे ते लिहा आणि तेवढं वजा करा. होपमध्ये ४ अंशांवरच सगळं ठरतं, त्यामुळे हे टाळू नका.

गोदाकाठ :
शनिवारी केलं. पाण्याच्या उंच भांड्याभोवती मध्यावर बर्फ-मीठ, पाण्यात वर एक सेन्सर, खाली एक. खालचा आधी उतरला आणि ४ अंशांपाशी थांबला. वरचा बराच वेळ मागे होता, मग खालच्याला ओलांडून शून्याकडे गेला. दोन्ही रेषांनी एकमेकींना छेदलं तेव्हा वर्गात कुणी बोलत नव्हतं. वहीत बहुतेकांनी वरचं पाणी आधी गार होईल असं काढलं होतं.

नंतर पाणी उकळून पाहिलं, तर रेष ९८ वरच सपाट झाली. मुलं म्हणाली सेन्सर चुकतोय. बर्फात तर तो शून्य दाखवत होता, मग इथेच का चुकेल, असं मी विचारलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हे एका मुलीने भूगोलाच्या तासातून आठवून सांगितलं. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० च्या आधीच उकळतं. आता त्यांना पाणी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर नेऊन उकळायचं आहे. वाऱ्यात चालेल असा छोटा स्टोव्ह कुणाकडे आहे का?